नवा कॉम्प्युटर, तीच वायर, आणि नेट नाही

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालोय. घरी केबलवाल्याचं इंटरनेट आहे. जिन्यातल्या पेटीतून निळी वायर येते, ती थेट डेस्कटॉपला लावलेली होती. आता मुलीने लॅपटॉप घेऊन दिला. तीच वायर त्याला लावली तर वायरीचं चिन्ह येतं, पण नेट येत नाही. परत जुन्याला लावली की चालू. केबलवाल्याचा पोरगा म्हणतो, लॅपटॉपात व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. दुकानदार म्हणतो, विंडोज ओरिजिनल नसेल. व्हिडिओ बघून आयपी रिलीज आणि रिन्यूही (म्हणजे नेटवरचा आपला पत्ता सोडून नव्याने मागणं) करून पाहिलं. राऊटर नको, मी एकटाच वापरतो. काय करावं?
(एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : काका, आधी एक करा. फॉरमॅट मारू नका. जुन्या मशिनवर नेट चालतंय म्हणजे वायर ठीक आहे, पेटी ठीक आहे आणि बिलही भरलेलं आहे. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून बघा. तिथे चालला तर तोही ठीक. व्हायरस आणि ओरिजिनल विंडोज हे दोन्ही विषय त्याच क्षणी संपले. माझं काम ठाण्याच्या आसपासच्या इमारतींतली नेटवर्क लावण्याचं. कारण सापडत नसलं की व्हायरसचं नाव पुढे करायचं ही या धंद्यातली जुनी रीत आहे, म्हणून सांगतो.

तुमची भानगड अशी आहे की पलीकडे कुणीतरी जुन्या डेस्कटॉपला ओळखतंय आणि नव्या लॅपटॉपला ओळखत नाही. आता ते 'कुणीतरी' कोण, एवढंच शोधायचं.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. बारा अक्षरं-आकडे, दोन-दोनच्या जोडीने लिहिलेले. पहिले सहा कंपनीचे, पुढचे सहा त्या कार्डाचे. वायर लावली की कॉम्प्युटर आपला हा क्रमांक सांगून हाक मारतो, 'मला कुणी आयपी देईल का?' पलीकडचा सर्व्हर म्हणतो, 'हा घे.' कॉम्प्युटर म्हणतो, 'घेतो.' सर्व्हर म्हणतो, 'दिला, पण इतक्या वेळापुरताच.' या देवाणघेवाणीचं नाव डीएचसीपी. आजही चालते ती तिची नियमावली मार्च १९९७ ची आहे. ठरवून दिलेल्या वेळेला लीज म्हणतात. निम्मी लीज सरली की कॉम्प्युटर गुपचूप मुदतवाढ मागून घेतो. म्हणून वर्षानुवर्षं नेट वापरूनही हा प्रकार तुमच्या कानावर आला नाही.

म्हणजे तुमच्या जुन्या डेस्कटॉपची आठवण तीन ठिकाणी असू शकते. खुद्द कॉम्प्युटरात, मधल्या डब्यात (मोडेम वगैरे असेल तर त्यात) आणि केबलवाल्याच्या सर्व्हरवर. रिलीज केलं की कॉम्प्युटर आपल्याकडची नोंद पुसतो आणि सर्व्हरला एक निरोप पाठवतो, 'मी पत्ता सोडला.' त्या निरोपाला उलट पोच येत नाही. पोहोचला तर ठीक, नाही पोहोचला तर सर्व्हर लीज संपेपर्यंत पत्ता त्या मशिनच्याच नावावर धरून बसतो. आणि मधल्या डब्याला या सगळ्याचं सोयरसुतक नसतं. व्हिडिओवाले एकच उपाय सगळ्यांना सांगतात, आणि म्हणून तो निम्म्यांना लागू पडतो नि निम्म्यांना नाही.

आता लॅपटॉपवर बघा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ऑल, असं इंग्रजीत (ipconfig /all) लिहून एंटर मारा. भराभर ओळी येतील, त्यांना घाबरू नका. 'इथरनेट अ‍ॅडॉप्टर इथरनेट' असं लिहिलेला भाग शोधा आणि त्यात 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' ही ओळ वाचा. विंडोज कधी कधी त्याआधी 'ऑटोकॉन्फिगरेशन' असंही लिहितं.

ती १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुमच्या हाकेला कुणीच ओ दिलेली नाही. विंडोजने वाट बघून बघून स्वतःच एक आकडा लावून घेतलाय. असल्या वेळी रिन्यू दाबलं की बराच वेळ काही होत नाही आणि मग इंग्रजीत उत्तर येतं, 'अनएबल टू कॉन्टॅक्ट युअर डीएचसीपी सर्व्हर, रिक्वेस्ट हॅज टाइम्ड आउट.' दहा वेळा दाबलंत तरी तेच येणार. समोरच्याने दार लावून घेतलंय, तुम्ही बेल वाजवून उपयोग काय? आकडा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालाय, पण पुढे कुणी सोडत नाहीये.

दोन्हींपैकी काहीही दिसलं तरी तुमच्या बाबतीत माझा संशय एकाच गोष्टीवर आहे. केबलवाल्याने तुमचं कनेक्शन जुन्या डेस्कटॉपच्या मॅकला बांधून ठेवलंय. धंद्यातले लोक याला 'मॅक बाइंड' म्हणतात. सोसायटीचा वॉचमन जसा चेहरा बघून आत सोडतो, तसं. एका घराचं कनेक्शन शेजारच्या तीन घरांनी वापरू नये म्हणून पूर्वी सगळे करायचे, अजूनही पुष्कळ जण करतात. त्यांच्या बाजूने विचार केला तर चूक नाही. पण मग फोन घेणाऱ्या पोराला ते माहीत असायला हवं, आणि ग्राहकाला फॉरमॅट मारायला सांगू नये.

तेव्हा ऑफिसात फोन लावा आणि एवढंच म्हणा, 'मशिन बदललंय, नवा मॅक बाइंड करून द्या.' हे वाक्य ऐकलं की समोरचा बहुधा लगेच शुद्धीवर येतो. काम दोन मिनिटांचं असतं, त्यांच्या कॉम्प्युटरवर बसल्या जागी होतं.

मात्र मॅक कुठला सांगायचा, इथे लोक हटकून फसतात. लॅपटॉपमध्ये वाय-फायचा वेगळा, वायरीचा वेगळा आणि ब्लूटूथचा आणखी वेगळा असतो. काळ्या खिडकीत प्रत्येक भागाखाली 'फिजिकल अ‍ॅड्रेस' अशी ओळ असते आणि घाईत जो पहिला दिसेल तो सांगितला जातो. बऱ्याचदा तो वाय-फायचा निघतो. केबलवाला तो इमानदारीत बाइंड करतो आणि नेट काही येत नाही. तुमची वायर 'इथरनेट' या भागाशी जोडलेली आहे, त्याखालचा क्रमांक द्या. फोनवर सांगताना बी आणि डी, एट आणि ए यांत घोळ होतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोच पाठवा.

आणखी एक. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपांना वायरीचं भोकच नसतं, यूएसबीला डोंगल लावून वायर जोडावी लागते. तसं असेल तर सहसा मॅक लॅपटॉपचा नसून डोंगलचा असतो. डोंगल बाइंड केलंत की पुढे लॅपटॉप कितीही बदला, डोंगल तेच ठेवलंत तर केबलवाल्याला पत्ताही लागत नाही. उलट डोंगल हरवलं तर तोच लॅपटॉप असूनही नेट जातं आणि माणूस चक्रावतो.

रिलीज करायचंच असेल तर ते जुन्या मशिनवर करा आणि वायर जोडलेली असताना करा. लोक आधी वायर उपटतात आणि मग रिलीज लिहितात. त्यावर विंडोज सांगतं की 'मीडिया डिस्कनेक्टेड' असल्यामुळे काही करता येत नाही. बरोबरच आहे, निरोप जाणार कुठून? योग्य क्रम असा की जुन्यावर आयपीकॉन्फिग, तिरपी रेघ, रिलीज. मग मशिन बंद. मग वायर काढायची. तुमचा डेस्कटॉप अजून भंगारवाल्याकडे गेला नसेल तर हे करून टाका. जिथे बाइंडिंग नाही पण 'एका घराला एकच आयपी' असा नियम आहे, तिथे एवढ्यानेच काम होतं.

राऊटर नको म्हणता, पण मी तरी घ्याच म्हणेन. एकटे असलात तरी. केबलवाल्याला मग कायम राऊटरचाच मॅक दिसतो, मागे तुम्ही लॅपटॉप लावा, टॅब लावा, नातवाचा फोन लावा. पत्ते वाटायचं काम राऊटर घरातल्या घरात करतो. शिवाय त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' नावाची सोय असते. तिथे जुन्या डेस्कटॉपचा मॅक टाकलात तर केबलवाल्याला फोनसुद्धा करावा लागत नाही. फक्त मग तो जुना डेस्कटॉप त्याच इमारतीत दुसऱ्या कुणाच्या वायरीला लावायला देऊ नका. एका जाळ्यात एकाच क्रमांकाची दोन मशिनं आली की दोघांचंही नेट आळीपाळीने पडतं, आणि कारण शोधणाऱ्याच्या नाकीनऊ येतात.

प्रश्न : आमच्याकडे केबल कंपनीचा मोडेम आहे, त्याला राऊटर नाही. नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप काढून माझा अ‍ॅपलचा लॅपटॉप लावला की नेट येत नाही. कंपनीला फोन केला की मोडेम बंद करून चालू करा म्हणतात. प्लग काढून लावला, तरी फरक नाही. रिन्यूचं बटण दाबलं, तरी नाही. घरी गेले की भावाला सांगते तर तो म्हणतो, आमच्याकडे असं काही होत नाही.
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : भावाचं बरोबर आहे, त्याच्याकडे बहुधा फायबरचा डबा आहे आणि राऊटर त्याच्या पोटातच आहे. तुमच्याकडचा केबल मोडेम वेगळ्या जातीचा. तिथे आठवण धरून बसलेला असतो तो हा मधला डबाच.

केबल मोडेम चालू झाला की कंपनीकडून एक छोटी फाइल उतरवून घेतो. तुमचा स्पीड किती आणि मोडेममागे किती उपकरणांना बाहेर जाऊ द्यायचं, हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. घरगुती कनेक्शनला तो आकडा बऱ्याचदा एक असतो. मोडेम चालू झाल्यावर जो पहिला मॅक बोलला तो त्याने टिपून घेतला, जागा भरली. त्यानंतर तुमचा लॅपटॉप कितीही ओरडला तरी मोडेम त्याची हाक पुढे जाऊच देत नाही. ही आठवण आपोआप विरत नाही. मोडेम रीबूट होईपर्यंत राहते. त्यामुळे रिन्यू दाबून तुम्ही ज्या सर्व्हरला साद घालताय, त्याच्या कानापर्यंत ती जातच नव्हती.

मग प्लग काढूनही का नाही? तुमच्या मोडेममध्ये घरचा फोनही आहे का ते बघा. फोनवाल्या मोडेमच्या पोटात पुष्कळदा बॅटरी असते, वीज गेली तरी फोन चालावा म्हणून. तुम्ही प्लग काढता, तो बॅटरीवर निवांत चालू राहतो आणि काही विसरत नाही. दिवे सगळे विझले का, हे डोळ्यांनी बघा. विझले नसतील तर बॅटरी काढा, किंवा मागचं बारीक रीसेटचं भोक टाचणीने क्षणभर दाबा. खूप वेळ धरून ठेवलंत तर सगळं फॅक्टरी सेटिंगला जाईल, तेवढं टाळा.

क्रम असा ठेवा. नवऱ्याचा लॅपटॉप विंडोजचा असेल तर त्यावर वर सांगितल्याप्रमाणे रिलीज करून तो बंद करा, वायर काढा. मोडेम पूर्ण विझवा. मग पुन्हा लावा आणि ऑनलाइनचा दिवा स्थिर होईपर्यंत काहीही जोडू नका. त्यानंतर तुमचा लॅपटॉप लावा. घाई नडते ती इथेच. मोडेम अजून वर कंपनीशी जुळलेला नसताना वायर लावली, तर पुष्कळ मोडेम स्वतःच १९२.१६८.१०० ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देतात. पत्ता दिसतो, नेट नसतं. त्या वेळी मात्र रिन्यू खरोखर कामाचं. अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, मग तुमच्या इथरनेटपुढचं डिटेल्स, त्यात टीसीपी/आयपी आणि 'रिन्यू डीएचसीपी लीज'. सोडण्याचं बटण अ‍ॅपलने दिलेलं नाही. सोडायचाच असेल तर त्याच पानावर आयपीव्ही४ 'ऑफ' करून पुन्हा 'युझिंग डीएचसीपी' करा.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलंत तर बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं पान उघडतं. तो वर जुळलाय की धडपडतोय ते तिथे कळतं, आणि कंपनीच्या फोनवर तासभर संगीत ऐकण्याआधी एवढं बघून ठेवणं शहाणपणाचं. दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल तर बाजारातून नेटवर्कचा स्विच (एका वायरीला अनेक मशिनं जोडणारा डबा) आणून लावू नका, दुसऱ्याला पत्ता मिळणार नाही. राऊटर आणा.

प्रश्न : आमच्याकडे फोनच्या लाइनीवरचं ब्रॉडबँड आहे. कॉम्प्युटरवर युझरनेम-पासवर्ड टाकून जोडावं लागतं. दुकानातला कॉम्प्युटर बदलला, तर नव्यावर एरर ६९१ येते. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. रिलीज-रिन्यू करू का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करू नका, त्याचा इथे संबंधच नाही. तुमचं कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे दर वेळी लॉगिन करून जोडायच्या पद्धतीचं आहे. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं, तेव्हापासून गावोगावच्या दुकानांत ही डायलरची खिडकी ओळखीची झाली. यात पत्ता डीएचसीपीकडून येत नाही, लॉगिन झाल्यावर त्याच बोलण्यात मिळतो. कंपनीला मशिनशी देणंघेणं नाही, ओळख पासवर्डची.

६९१ म्हणजे पलीकडच्याने लॉगिन नाकारलं. पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो, कारण त्याच्या लेखी तुम्ही आधीच आत आहात. जुना कॉम्प्युटर डिस्कनेक्ट न करता मेन स्विचवरून बंद केला ना? मग निरोपाचा संदेश गेलाच नाही आणि जुनं सेशन तिकडे लटकून राहिलं. मोडेम बंद करून चहा पिऊन या. पलीकडचा सर्व्हर अधूनमधून 'आहेस का?' विचारतो, उत्तर आलं नाही की सेशन सोडतो. तरी नाही झालं तर एक्सचेंजमध्ये फोन करून 'सेशन क्लिअर करा' म्हणा. काही ठिकाणी लॉगिन तुमच्या लाइनीशीही बांधलेलं असतं. दुकान हलवताना लाइन बदलली असेल तर तेही सांगा.

प्रश्न : एक वेबसाइट मला 'तुमचा आयपी ब्लॉक आहे' म्हणते. मी काही केलेलं नाही. रिलीज-रिन्यू केल्यावर आयपी बदलेल ना? मी केलं, पण तोच परत येतो.
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तोच येणार. सर्व्हरला मॅक ओळखीचा दिसला आणि जुना पत्ता मोकळा असला तर तोच परत द्यायचा, अशीच त्याची पद्धत आहे. शिवाय तू जो बघतोयस तो घरातल्या राऊटरने दिलेला पत्ता आहे, वेबसाइटला तो दिसतही नाही.

राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राऊटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघ. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुझ्यासारखी कितीतरी घरं एकाच जाहीर पत्त्यामागे आहेत. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते सव्वाचारशे कोटींच्या आसपास, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. पुढच्या वर्षी कंपन्यांना हा १०० चा पट्टा खास या भागीदारीसाठी राखून दिला गेला. तेव्हा उपद्व्याप कुणा भलत्याचे आणि ब्लॉक झालास तू. वेबसाइटला लिही, किंवा कंपनीकडे स्वतंत्र पत्ता माग. त्याचे बहुतेक कंपन्या जादा पैसे घेतात.

प्रश्न : क्लासमधला राऊटर जळाला म्हणून नवा आणला. कॉम्प्युटर चालू झाले, पण दोघांवर नेट नाही आणि प्रिंटर कुणालाच सापडत नाही. सगळं नव्याने इन्स्टॉल करायचं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही हो. जुना राऊटर १९२.१६८.० वाले पत्ते वाटत असेल आणि नवा १९२.१६८.१ वाले. जे कॉम्प्युटर बंद करून चालू केले त्यांनी नवा पत्ता घेतला, उरलेले दोन जुनाच धरून बसलेत. त्या दोघांवर नेमकं रिलीज आणि रिन्यू करा. इथे ते रामबाण आहे. विंडोज ९८ मध्ये याच कामासाठी एक छोटी करडी खिडकी असायची, 'रिलीज ऑल' आणि 'रिन्यू ऑल' अशी सरळ बटणं असलेली. ती का काढली कोण जाणे, मला अजून तिची आठवण येते. तरीही एखादा अडला तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कुणीतरी पत्ता हाताने भरून ठेवलाय का बघा.

प्रिंटरचंही बहुधा तेच. बसवणाऱ्याने त्याला जुन्या पट्ट्यातला पत्ता कायमचा भरून दिलेला असणार. प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कमध्ये जाऊन 'मॅन्युअल'चं 'ऑटो' करा. मग राऊटरच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये प्रिंटरचा मॅक आणि एक पत्ता नोंदवून ठेवा, म्हणजे त्याला दर वेळी तोच मिळेल. शेवटी कॉम्प्युटरवरचा जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडा. नाहीतर विंडोज जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवत राहील आणि कागद काही बाहेर येणार नाही.